पाण्यात ठेवलेला राजपुत्र

कधीच्या काळी मरून गेलेल्या एका कवीची मला भीती वाटते. आमच्या सीवूड्सच्या वाचक मंडळात हे मी कधी बोललेले नाही, कारण तिथे मी शहाणी समजली जाते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जणी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, चहा होतो, ढोकळा होतो आणि उरलेल्या वेळात पुस्तकांवर बोलणे होते. तीन वर्षांपूर्वी आषाढात विषय निघाला होता, जुने लेखक आजच्या वाचकाला रिझवतात का. मी लांबलचक बोलले. जुन्यांना नमस्कार करावा, त्यांच्यावर पीएचडी कराव्यात, पण जेवण झाल्यावर लोळत, गंमत म्हणून त्यांना कुणी वाचते हे मला पटत नाही, आणि जो वाचतो म्हणतो तो थापा मारतो. सगळ्यांच्या माना डोलल्या. त्यानंतर महिनाभरातच त्या जुन्यांपैकी एकाने माझी पाचावर धारण बसवली.

माझे माहेर करावे गावात. सीवूड्समधल्या माझ्या सातव्या मजल्यावरून चालत गेले तर बारा मिनिटे. गावात गावदेवीच्या देवळात श्रावणभर संध्याकाळी पोथी लागते. पोथीला नाव आहे, पण गावात तिला नुसते पोथीच म्हणतात. कवीचे नाव प्रत्येक अध्यायाच्या शेवटच्या ओवीत येते, तेव्हा सगळे हात जोडतात आणि ते नाव तिथेच विसरून घरी जातात. पोथीला दोन माणसे लागतात. एक ओव्या चालीवर वाचतो. चार-पाच ओव्या झाल्या की तो थांबतो आणि शेजारी बसलेला दुसरा त्यांचा अर्थ सांगतो. वाचणारा चुकला तर लोक सांभाळून घेतात. खरी मदार अर्थ सांगणाऱ्यावर, आणि आमच्या गावात गेली पस्तीस वर्षे अर्थ सांगतात ते माझे बाबा.

बाबा बंदरात क्रेन चालवायचे. शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, तेही अर्धवट. पण पोथीसमोर बसले की त्यांची आणि त्या कवीची जुनी दोस्ती असल्यासारखे बोलायचे. कवी होता देशावरचा. त्याने नदी पाहिली असेल ती पलीकडच्या गावाला जाण्यापुरती. त्यामुळे त्याच्या पोथीत शीड उभारलेले असतानाच नावाडी वल्हीही मारतो आणि भरती-ओहोटीचा तर पत्ताच नाही. बाबा दर वर्षी त्या जागी थांबून म्हणायचे, कवीबुवा, एकदा आमच्या खाडीला येऊन जा. दर वर्षी त्याच वाक्याला तेच लोक तितकेच हसायचे. लहानपणी मीही हसायचे. नंतर मी एम.ए. केले आणि हसायचे बंद केले.

पोथीचा एक नियम आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पोथी वाईट जागी ठेवायची नाही. म्हणजे राजा वनवासाला निघाला, तिथे त्या दिवसाचे वाचन थांबवायचे नाही. त्याला कुणी तरी झोपडी देईपर्यंत, निदान चुलीवर भात चढेपर्यंत वाचायचे आणि मगच आरती. बाबा रोज दुपारी पुढचा मजकूर वाचून बरी जागा शोधून ठेवायचे आणि तिथे बेलाचे पान घालायचे. मला ही अंधश्रद्धा वाटायची. एकदा मी त्यांना तसे म्हटलेही. ते म्हणाले, असेल. आणि पान घालून पोथी रुमालात बांधली.

त्या वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना जिना चढताना धाप लागू लागली. नेरूळच्या हॉस्पिटलात दाखवले. हृदयाची एक झडप खराब आणि दोन रक्तवाहिन्या बंद. आठवडाभर औषधे देऊन मग ऑपरेशन करायचे ठरले. वॉर्डात आणल्यावर बाबांनी ऑपरेशनबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांना घोर पोथीचा. एकदा लावलेली पोथी समाप्तीपर्यंत न्यावीच लागते. वाचायला माझे काका होते, त्यांचा आवाज खणखणीत. पण त्यांना ओवीचा अर्थ विचारला तर ते तीच ओवी पुन्हा मोठ्याने म्हणतात. बाबांनी माझ्याकडे पाहिले. माझा भाऊ उलव्याहून आला होता, तो खिडकीतून बाहेर बघू लागला. पोथीच्या वेळी तो जन्मात कधी देवळात बसला नव्हता.

मी हो म्हटले. वडील झोपल्या झोपल्या मागत असले की नाही म्हणता येत नाही.

गावात थोडी कुरकुर झाली, बाईमाणूस अर्थ सांगणार म्हणून. ती काकांनीच मिटवली. म्हणाले, “ऐकाला बायाच येतान. सांगाला येक आली तं काय झाला?” 

पहिल्या संध्याकाळी चौदा माणसे होती. मला आमच्या ऑफिसात दीडशे लोकांसमोर प्रेझेंटेशन देताना काही होत नाही, पण त्या चौदांसमोर मला साधे बोलणे जमेना. मी छापील बोलत होते. कवीला अभिप्रेत असलेला आशय वगैरे. समोर खांबाला टेकून एक म्हातारी बसायची. तिला सगळा गाव आय म्हणतो. एके काळी ती नेरूळच्या बाजारात मासळी विकायला बसायची. आता डोळ्यांना दिसत नाही नीट, पण पोथीचा एकही दिवस चुकवत नाही. तिने मला मध्येच थांबवले आणि विचारले, “बाय, तू पोथी सांगतंस का पेपर वाचतंस?” लोक हसले. त्या संध्याकाळचे तेवढेच हसणे. दुसऱ्या दिवशी नऊ माणसे आली.

 नऊची पाच होतील, पाचाची तीन, आणि बाबा घरी येतील तेव्हा कुणी तरी त्यांना सांगेल की तुमच्या पोरीने पोथी बंद पाडली. पस्तीस वर्षांत जे झाले नव्हते ते माझ्या हातून पाच दिवसांत होणार. आणि खरे सांगायचे तर मनाच्या एका कोपऱ्यात असेही होते की बघा, मी म्हणत होतेच, मेलेला कवी आता कुणाला रिझवणार. माणसाला हरतानाही आपलेच खरे झालेले हवे असते.

रविवारी दुपारी मी पोथी पुढ्यात घेऊन बसले. त्या दिवशीचा अध्याय होता राजपुत्राच्या नावेचा. सावत्र आईने हाकललेला राजपुत्र पलीकडच्या तीराला जायला नावेत बसतो. मध्यावर नाव भोवऱ्यात सापडते. नावाडी उडी टाकून स्वतःपुरता पोहून निघून जातो. राजपुत्राला पोहता येत नाही. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची मालिका लागली होती. तिच्यात एकीने दुसरीवर हात उगारला आणि भाग संपला. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. जाहिराती संपेपर्यंत त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, आता उद्यापर्यंत जीव टांगणीला. तिथे मला युक्ती सुचली. मी जिथे थांबायचे ठरवले तिथपर्यंतच पोथी वाचली आणि बेलाचे पान त्याच जागी घातले.

त्या संध्याकाळी मी चांगले सांगितले. आजही तसेच वाटते. आशयबिशय सोडून दिला आणि नाव कशी कलली, पाणी कुठून शिरले, ते सांगत गेले. कवी त्या जागी भलताच धीमा होतो. पाणी आधी राजपुत्राच्या घोट्याला लागते, मग गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि दर वेळी तो एकेक ओवी नुसती त्या थंडपणावर खर्च करतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो समोरच्या बायकांच्या अंगावर आलेला मला दिसला. देवळाबाहेर मोबाइल घेऊन बसलेले दोघे-तिघे आत येऊन उभे राहिले. पाणी गळ्याशी आले. काकांनी पुढच्या ओवीसाठी श्वास घेतला आणि मी पोथीवर हात ठेवला. म्हटले, बाकीचे उद्या.

काकांना वाटले मला काही तरी होते आहे. त्यांनी वाकून हळू विचारले. मी म्हटले, नऊ वाजून गेले. ते म्हणाले, “अजून सतरा ओव्या हायत. मंग तो तीराला लागतंय.” मी नाही म्हणून मान हलवली आणि पोथी मिटली. लोक उठले नाहीत. आरती कशीबशी झाली, कुणाचा आवाज कुणाला लागेना. प्रसाद वाटताना मी आयला म्हटले, चला आय, घरी जायचे ना. तिने खांब सोडला नाही. मी हे सगळे माझ्या यशात धरले. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, उद्या बघ, देऊळ भरेल.

सकाळी साडेसहाला भावाचा फोन आला. बाबांना पहाटे चार वाजता आयसीयूत हलवले होते. श्वास घेता येत नव्हता. मी विचारले, झाले काय एकदम. तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात पाणी भरले आहे.

मी स्वयंपाकघरात खाली बसले. गॅसवर चहा उतू गेला, तो नवऱ्याने येऊन बंद केला. त्याने विचारले तेव्हा मी फक्त हॉस्पिटलचे सांगितले. दुसरे जे डोक्यात आले होते ते चाळिशी उलटलेल्या बाईने तोंडाने उच्चारण्यासारखे नव्हते. काल नऊ वाजता मी एकाला गळ्याइतक्या पाण्यात सोडून आले होते, आणि पहाटे चार वाजता माझ्या बापाच्या छातीत पाणी चढले होते.

रिक्षात मी स्वतःला बजावत होते की हृदय अशक्त असले की असे होते, झडप खराब आहे, डॉक्टरांनी आधीच शक्यता सांगितली होती. सगळे पटत होते आणि कशाचाच उपयोग होत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याचा मला त्या दिवशी पुरता अनुभव आला. आयसीयूबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असते, तिथे भाऊ बसला होता. त्याचे डोळे सुजले होते. आत सोडणार होते अकराला, तेही एकेकाला, दहा मिनिटे. तोवर बसायचे.

साडेआठला मी न राहवून काकांना फोन केला. त्यांना बाबांचे सांगितले, आणि मग म्हटले, काका, आत्ता देवळात जाऊन त्या सतरा ओव्या वाचाल का.  दिवा लागल्याशिवाय पोथी मोठ्याने वाचत नाहीत हे मलाही ठाऊक होते, पण त्यांनी ते कारण दिले नाही. ते म्हणाले, “येकट्यानं वाचून काय करू? पोथी ऐकनाऱ्यांसाठी हाय गो. तू संध्याकाळी ये.”

संध्याकाळपर्यंत काहीही होऊ शकत होते. मग मी दुसरे करून पाहिले. डोळे मिटले आणि त्या राजपुत्राला मनातल्या मनात बाहेर काढू लागले. आणि तिथे माझ्या लक्षात आले की तो बाहेर कसा येतो हे मला माहीत नाही. काल दुपारी मी फक्त बेलाच्या पानापर्यंत वाचले होते. लहानपणापासून पंधराएक वेळा तरी ऐकले असेल, पण ते काही केल्या आठवेना. कुणी दोर टाकतो? मासा येतो? देव येतो? भावाला विचारले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा विचारले नाही. मी खुर्चीत बसून पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पाणी होते, आणि ते कसे उतरते ते मला कळल्याशिवाय धडगत नव्हती. आयुष्यात इतक्या कादंबऱ्या वाचल्या, रात्र रात्र जागून वाचल्या, पण पुढे काय होते म्हणून माझे हात-पाय गार पडले ते त्या एका सकाळी. आणि ज्याने ते लिहिले त्याला मी महिन्यापूर्वीच ढोकळा खात खात निकालात काढले होते.

काकांना विचारले असते तर त्यांनी पुन्हा तीराला लागतंय एवढेच सांगितले असते. हे ज्याला नीट सांगता आले असते तो एकच माणूस त्या दरवाजापलीकडे होता.

अकराला मला आत सोडले. बाबांच्या तोंडावर मास्क होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांचे हात मला कधी इतके लहान दिसले नव्हते. मी हात धरला. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखले, आणि मास्क जरा बाजूला करायची खूण केली. नर्स म्हणाली, अर्धा मिनिट. मला वाटले, घरचे काही सांगतील. ते म्हणाले, “काल कुठं ठेवलीस?”

मी म्हटले, “तीराला लावला, बाबा.”

त्यांनी डोळे मिटले. मान इतकी बारीक हलली की बरे झाले म्हणाले असे मीच समजून घेतले. नर्सने मास्क परत बसवला. उरलेली आठ-नऊ मिनिटे मी तिथे उभी होते आणि विचारू शकत नव्हते की तो तीराला लागतो कसा, कारण आत्ताच मी त्याला लावला होता. बाहेर येऊन मी भावाच्या शेजारी बसले. चूक तर केलीच होती, वर मरायला टेकलेल्या बापाशी खोटे बोलले होते. ह्याचीही कुठे तरी नोंद झाली असणार असे वाटत राहिले. दुपारी भावाने आणलेली पोळी-भाजी मी तशीच परत केली. आयसीयूचे दार उघडले की मी उभी राहत होते. दर वेळी ते दुसऱ्याच कुणासाठी उघडत होते, आणि ज्यांच्यासाठी उघडत होते त्यांतली एक बाई तिथेच भिंतीला धरून खाली बसली, तेव्हा माझ्या मनात पहिले आले ते हे, की आपण नाही. ह्याची मला अजून लाज वाटते.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. औषधाला शरीराने साथ दिली होती, छातीतले पाणी उतरत होते, बाबा मास्कशिवाय श्वास घेऊ लागले होते. असेच राहिले तर शुक्रवारी ऑपरेशन. ते शुक्रवारी झाले आणि नीट झाले. बाबा आज आहेत, करंजाड्याला आत्याकडे एकटे बसने जाऊन येतात आणि पथ्य मोडतात. हे आत्ताच सांगून टाकते, नाही तर तुम्हालाही मी वाईट जागी ठेवल्यासारखे व्हायचे.

डॉक्टर गेले आणि मला हसू आले. भाऊ रडत होता आणि मी हसत होते. राजपुत्र अजून पाण्यातच होता की! कालपासून गळ्याइतक्या पाण्यात उभा होता, आणि इकडे बाबांचे पाणी उतरलेही. म्हणजे एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. दिवसभर मी उगाच स्वतःला जाळले. मी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले, घरी जाऊन आंघोळ केली, साडी नेसले आणि हलक्या पायांनी गावात गेले. घाबरलेली बाई गेली होती आणि वाचक मंडळातली शहाणी परत आली होती.

देऊळ खरेच भरले होते. पन्नासाच्या वर माणसे असतील. आदल्या संध्याकाळी आलेल्या बायका होत्याच, त्यांनी सुनांना आणले होते. बाहेर मोबाइलवर असायचे ते आज आत, मांडी घालून. मला पाहून सगळे नीट बसले. इतक्या सगळ्यानंतरही मला ते बघून बरे वाटले हे लपवत नाही. मनात आले, बाबांना सांगू, बघा, तुमच्या नियमापेक्षा माझी युक्ती चालली.

आय तिच्या खांबाशी होती. अंगावर कालचेच लुगडे. मी वाकून नमस्कार केला तर तिने माझा हात पकडला आणि सोडला नाही. तिच्या शेजारची बाई मला हळूच म्हणाली की म्हातारी काल घरी गेलीच नाही. सुनेने येऊन बोलावले, नातवाने बोलावले. रात्रभर इथेच बसून होती, सकाळपासून अन्नाचा कण नाही.

आय म्हणाली, “रातभर त्याला पान्यान ठेवलंस गो बाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी काही तरी उत्तर दिले असते.

मला माहीत होते. हे मला लिहायलाच हवे, की मला सगळे माहीत होते. मी आठवीत होते. आयचा थोरला मुलगा पहाटेच्या भरतीला जाळी घेऊन खाडीत गेला आणि दुपारी नुसती होडी मिळाली, उलटी. बाबा तीन दिवस शोधणाऱ्यांबरोबर होते. चौथ्या दिवशी ते घरी आले. तो मुलगा शेवटपर्यंत मिळाला नाही. गावात हे कुणाला सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच गावापासून बारा मिनिटांवर राहायला गेलेल्या माझ्यासारखीला ते विसरता येते. काल संध्याकाळी पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लावत मी तिच्यासमोर बसले होते. अंगावर काटा आणत होते.

काका रुमाल सोडत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले की हा अध्याय बाबांनी इतक्या वर्षांत कधी मोडला नाही. कितीही उशीर होवो, पाण्यात शिरले की तीराला लावूनच उठायचे. आयसाठी. मी विचारले, मग काल मला बोलला का नाहीत. ते म्हणाले, “बोल्लू ना, सतरा ओव्या हायत.”

तेव्हा जी भीती वाटली ती दिवसभरातल्या भीतीहून वेगळी होती. दिवसभर मला वाटत होते की कुठल्या तरी शक्तीने माझ्या चुकीची शिक्षा बाबांना दिली. तसली शक्ती नव्हती. होता तो फक्त एक मेलेला माणूस आणि त्याचे शब्द, आणि ते कुणाच्याही छातीत शिरू शकत होते, आणि त्यांचा दोर मी गंमत म्हणून हातात घेतला होता. दिवसभरात मी बाबांसाठी घाबरले, माझ्यासाठी घाबरले. ह्या बाईचा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

दिवा लागला. काकांनी सुरुवात केली.  मलाही पुढचे माहीत नव्हते. मीही त्या पन्नासांसारखीच ऐकत होते. देव आला नाही, मासाही आला नाही. कवीने काय केले, तर भोवरा दमवला. पाणी फिरून फिरून दमले, ढिले पडले, आणि राजपुत्राच्या पायाला वाळू लागली. एवढेच. चार ओव्यांत संपले. उरलेल्या तेरा ओव्यांत त्याने काय केले असेल? राजपुत्राला वाळवला. तो काठावर चढला, अंगरखा पिळला, कुडकुडला. एका झोपडीतली बाई बाहेर आली, तिने तू कोण हेसुद्धा विचारले नाही, शेकोटीशी बसवले आणि गरम पेज दिली. पेज पिताना त्याचे ओठ भाजले इथपर्यंत त्याने लिहिले आहे. ज्याला शिडाचे आणि वल्ह्याचे कळत नव्हते त्याला आपल्यासमोर कोण बसणार आहे हे कळत होते.

मी अर्थ सांगितला. युक्ती नाही, आवाज चढवणे नाही. वाळू लागली, म्हटले. उभा राहिला, म्हटले. पेजेशी आले तेव्हा मला थांबावे लागले, काकांनी तीच ओवी पुन्हा म्हटली, आणि त्यांच्या त्या सवयीचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.  शेवटची ओवी झाली, कवीचे नाव आले, सगळ्यांनी हात जोडले.

आयने हात जोडले नाहीत. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिने मान माझ्या आवाजाच्या बाजूला वळवली.

“आला?” तिने विचारले.

“आला, आय.”

“जेवला?”

“जेवला.”

मग ती खांबाला धरून उठली, नातवाचा हात धरला आणि आरतीला न थांबता घरी जेवायला गेली.